आण्णांच्या गुबगुबीत हिरड्या

"आ करा बघू, आण्णा. अजून. अजून थोडा."

आण्णांनी आ वासला. मी मोबाइलचा उजेड आत सोडला आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "अगं बाई, काय सुंदर!"

आत मेथी निवडत बसलेल्या पद्माक्का जुडी हातात घेऊनच व्हरांड्यात आल्या. "काय सुंदर आहे गं तिथं? इतकी वर्षं संसार केला, मला कधी दिसलं नाही."

"किटण, आक्का! खालच्या दातांच्या मागं बघा. भिंतच बांधलीय नुसती. आणि हिरड्या तरी कशा गुबगुबीत!"

"तुझ्या आईला फोन करते," आक्का म्हणाल्या. "म्हणावं, पोरगी शिकायला धाडलीय, ती म्हाताऱ्यांच्या तोंडातल्या भिंती बघून खूश होतीय."

आण्णांनी तोंड मिटलं, घसा खाकरला आणि ठेवणीतल्या आवाजात जाहीर केलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मगदूम यांचे तोंड आजच्यापुरते बंद करण्यात येत आहे."

भूपालआण्णा मगदूम एसटीत कंट्रोलर होते. सगळी नोकरी स्टँडवरच्या खिडकीमागं बसून गाड्या पुकारण्यात गेली. निवृत्त झाले तरी माइक तेवढा सुटला होता, पुकारणं नव्हतं. सांगलीत त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होते आणि दात साफ करणाऱ्यांचा, म्हणजे डेंटल हायजिनिस्टचा, कोर्स करत होते. शेवटचं वर्ष. परीक्षा तोंडावर आलेली, आणि माझ्याकडे तोंडच नव्हतं.

आमच्या परीक्षेची तऱ्हाच तशी. प्रश्न कॉलेजनं काढायचे, पेशंट मात्र आपला आपण आणायचा. तोही कसा, तर तोंड भरपूर घाण आणि बाकी माणूस ठणठणीत. पेशंटला एखादं औषध चालू निघालं की परीक्षक त्याला परत पाठवतात, असं आमच्यात पक्कं होतं. आदल्या वर्षी एकीचा पेशंट ऐन खुर्चीत बसल्यावर म्हणाला, 'रक्त पातळ करायची गोळी घेतो की मी.' तो गेला घरी, आणि तीही गेली. त्यामुळं आम्ही मुली गल्लीबोळात, लग्नाकार्यात, रिक्षात, जो हसेल त्याच्या दातांकडं टक लावून बघायचो. रुबीना मुजावर ही माझी मैत्रीण. तिनं तर आपल्या मामूंना परीक्षेपर्यंत दातांच्या डॉक्टरांच्या गल्लीतनंही जायचं नाही अशी शपथ घातली होती.

आणि माझं हे घबाड माझ्याच घरमालकांच्या तोंडात, जिन्याखाली, सुपारी चघळत बसलं होतं!

"आण्णा, परीक्षेला याल ना? काही दुखत नाही. फुकटात दात साफ."

"साफ करून काय करू? ही बघते का?"

"बघते की," आक्का म्हणाल्या. "बघितलं म्हणूनच तर माझी ही दशा झाली."

त्याच संध्याकाळी मी सरावाचा फॉर्म भरायला बसले. नाव, वय, व्यसन. व्यसनापाशी आक्कांनी 'सुपारी, आणि बडबड' असं सांगितलं. मग मी विचारलं, "बीपी, शुगर, कुठली औषधं चालू?"

"मला?" आण्णा दुखावले. "एसटीचा माणूस आहे मी. इंजिन उघडायची वेळ अजून आलेली नाही."

"ह्यांना कसलं औषध?" आक्का म्हणाल्या. "ह्यांच्यापायी मला चालू आहे."

मी हसले आणि 'औषधे : नाहीत' असं लिहून मोकळी झाले.

नापास झाले असते तर काय, हे बाबांनी अगदी प्रेमानं ठरवून ठेवलं होतं. विट्याला मामाचं साड्यांचं दुकान होतं. तिथं गल्ल्याशेजारी बसून, गिऱ्हाइकांनी विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या. मला साड्या आवडतात. घड्या नाहीत. आणि पास झाले तर विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात नोकरी पक्की होती, पांढऱ्या कोटासकट.

त्या दिवसांत माझा सगळ्यात जड विषय म्हणजे औषधं. सुई डॉक्टर मारणार, गोळ्या डॉक्टर लिहिणार, मग आम्हाला हे कशाला, असं मला वाटायचं. पण पुस्तक म्हणायचं, डॉक्टरच्या आधी पेशंटच्या तोंडात तुम्ही बघणार. कुठल्या गोळीनं तोंड कोरडं पडतं, कुठलीनं रक्त थांबत नाही, हे तुम्हाला कळायला हवं. मी संध्याकाळी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून मोठ्यानं घोकायची. एकेका कुळातल्या औषधांची शेवटं सारखी, म्हणून मी त्यांना चाल लावून टाकली होती. एटेनोलोल, मेटोप्रोलोल, प्रोप्रानोलोल.

"ही सगळी एका घरातली दिसतात," आक्का म्हणायच्या.

"चुलतभाऊ आहेत, आक्का."

"आणि ते पिन-पिन काय म्हणत होतीस मघाशी?"

"अम्लोडिपिन, निफेडिपिन. ते शेजारच्या वाड्यातले. हे घेणाऱ्या माणसाला खुर्चीत आडवं केलं, तर नंतर एकदम उठवायचं नाही. हळूहळू उठवायचं. नाहीतर चक्कर येते."

"म्हणजे घाटातली गाडी," आण्णा म्हणाले. "ब्रेक एकदम सोडायचा नाही."

ही आमची वेळ ठरलेली. मगदूम जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. त्यामुळं दिवेलागणीला त्यांची ताटं घासून पालथी पडलेली असत आणि पुढची सगळी संध्याकाळ त्यांच्या पदरात असे. आक्का अडकित्ता घेऊन बसायच्या. कट्, कट्. एक फोड आण्णांच्या तळव्यावर, दुसरी स्वतःच्या तोंडात. वर एकाच काशाच्या पेल्यातलं पाणी, दोघांना. सुपारीवर पाणी कशाला, असं एकदा माझ्या मनात आलं होतं. पण प्रत्येक घराच्या आपापल्या रीती असतात, आणि मी भाडेकरू. पाणी झालं की आण्णा खुर्चीतनं उठायचे, खांबाला धरून जरा वेळ तसेच उभे राहायचे, आणि म्हणायचे, "गाडी फलाटाला लागेपर्यंत कोणीही उतरू नये."

परीक्षेच्या सकाळी आम्ही तिघं रिक्षानं निघालो. आण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आक्कांनी डबा, टॉवेल, पाण्याची बाटली आणि एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा असं सगळं पिशवीत भरलेलं.

"आक्का, सहलीला नाही चाललोय आपण."

"तुला काय माहीत किती वेळ लावतात. ह्यांचं तोंड काय एका दिवसात व्हायचंय?"

बाहेरच्या परीक्षक म्हणून बेळगावच्या डॉ. हेब्बाळकर मॅडम आल्या होत्या. बुटक्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांची ख्याती अशी की ओरडत नाहीत. मागं येऊन उभ्या राहतात. मी आण्णांना खुर्चीत घेतलं, ॲप्रन बांधला. आक्का भिंतीजवळच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. मी छापील फॉर्म भरला. औषधे : नाहीत. खाली सही केली. खुर्ची आडवी केली आणि वरचा मोठा दिवा आण्णांच्या तोंडावर ओढला.

मोबाइलच्या उजेडात आणि त्या दिव्याच्या उजेडात फरक असतो.

किटण होतं तिथंच होतं, भिंतीसारखं. पण हिरड्या! वरच्या पुढच्या दातांच्या मधून, जिथं अजिबात किटण नव्हतं तिथंही, दोन दातांच्या फटीफटीत हिरडीचे घट्ट गुलाबी फुगे वर आले होते. अर्धे दात झाकायला निघालेले. घाणीनं सुजलेली हिरडी मऊ असते, लालभडक असते, बोट लावलं की रक्त. ही तशी नव्हती. मी आरसा फिरवला. डोक्यात माझीच घोकंपट्टी माझ्याच चालीत वाजायला लागली. हिरडी वाढवणाऱ्या गोळ्या तीन घरच्या. फिटच्या. मूत्रपिंड बदललेल्यांच्या. आणि बीपीच्या, त्या पिन-पिनवाल्या.

"आण्णा," मी हळूच विचारलं, "तुम्हाला कधी फिट येते?"

"आँ? हॅट!"

"मूत्रपिंड बदललंय?"

आण्णांनी माझा आरसा बाजूला सारला. "पोरी, आज ठीक आहेस ना? न्याहारी केलीस का?"

"बीपीची गोळी घेता?"

"मला कुठं बीपी आहे? बीपी हिला आहे."

मी सुटकेचा श्वास सोडला. आणि निम्मा सोडल्यावर काय वाटलं कोण जाणे, पुन्हा विचारलं. "म्हणजे तुम्ही गोळी घेत नाही."

"मी कशाला घेऊ?" आण्णा म्हणाले. "हीच देते."

शेजारच्या खुर्चीवर रुबीना मामूंच्या दाढा खरवडत होती. तिचा हात थांबला.

"देते म्हणजे?"

"अर्धी. रोज. अडकित्त्यानं."

कट्, कट्. मला तो आवाज कानात ऐकू आला.

मी बाकापाशी गेले. "आक्का, तुमची बीपीची गोळी तुम्ही आण्णांना देता?"

"अर्धीच की," आक्का शांतपणे म्हणाल्या आणि पिशवीतल्या बिस्किटांच्या डब्यावर टिचकी मारली. आत गोळ्या खुळखुळल्या.

"मी विचारलं तेव्हा औषध नाही म्हणालात!"

"अर्ध्या गोळीला काय औषध म्हणतात? आणि ती ह्यांची कुठं आहे? माझी आहे."

रुबीना मास्कमधून फुसफुसली, "वैजू, गप बस. फॉर्म झालाय तुझा. किटण काढ आणि मोकळी हो. आता बोललीस तर पेशंट जाईल."

मॅडम तीन खुर्च्या पलीकडं होत्या. आमच्याकडं पाठ. आण्णा खुर्चीत आडवे, इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून दोन्ही हात अंगापासून लांब धरून, माझी वाट बघत. विट्याच्या दुकानातला साड्यांचा ढीग मला इथनं स्पष्ट दिसत होता. वरची मोरपिशी होती.

पण फलाटाला लागणारी गाडीही दिसत होती. खांब धरून उभे राहिलेले आण्णा. आणि त्या डब्यात अजून कुणाच्या अर्ध्या गोळ्या असतील, देव जाणे. रक्त पातळ करायची असेल, तर मी पहिल्याच घासणीला काय करून ठेवीन?

मी 'नाहीत'वर रेघ मारली आणि हात वर केला. "मॅडम."

मॅडम आल्या. मी सांगितलं. सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की मध्येच आण्णांनी झोपल्या झोपल्या मदत केली, "कृपया लक्ष द्यावे, अर्धी गोळी, रोज संध्याकाळी."

मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि त्या आक्कांकडं वळल्या. "तुम्ही ह्यांना तुमची गोळी का देता?"

आक्कांनी पदर सावरला. "डॉक्टरीणबाई, माझं बीपी कुणामुळं वाढलं? ह्यांच्यामुळं. मग अर्धी ह्यांनी घ्यायला नको?"

हॉलमध्ये कुठंतरी ट्रे पडला. रुबीनाच्या मामूंना तोंडात नळी असतानाच ठसका लागला. मॅडमनी खाली बघितलं, त्यांचे खांदे जरासे हलले, आणि वर बघितलं तेव्हा चेहरा पुन्हा परीक्षकाचा.

"तुमचं बीपी उतरलं का मग?"

"कुठलं उतरतंय? डॉक्टर दर खेपेला गोळी मोठी करतात."

"मोठी झाली की ह्यांची अर्धीही मोठी होते," मॅडम म्हणाल्या.

आक्कांनी आण्णांकडं बघितलं. आण्णांनी छताकडं.

"बाकीच्या गोळ्या?"

पिशवीतनं बिस्किटांचा डबा निघाला. आम्ही तो ट्रेवर रिकामा केला. आक्कांची पित्ताची, कॅल्शियमची, एक शक्तीची. एकूण एक कातरलेल्या. रक्त पातळ करणारी नव्हती.

"आता सांगा," मॅडम मला म्हणाल्या. "पेशंट परत पाठवायचा का?"

इथं सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. मी पाठ केलेलं आठवायला गेले, तर काहीच आठवेना. आठवली ती घाटातली गाडी.

"नाही, मॅडम. आधी बीपी मोजायचं. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना गोळी दाखवायची, त्यांचं हो आलं तर काम करायचं. आणि संपल्यावर खुर्ची हळूहळू उठवायची."

"मग थांबलात कशाला? घड्याळ थांबत नाही."

वर जाऊन यायला वेळ गेलाच. आण्णांचं बीपी खालच्या अंगाला होतं. आक्का सोबत आल्या म्हणून त्यांचंही मोजलं. तो आकडा ऐकून तिथल्या डॉक्टरांनी त्यांना तिथंच बसवून ठेवलं. आक्का एकट्या वर, आण्णा माझ्याबरोबर खाली. जिन्यात आण्णा तीनदा मागं वळून बघून आले.

आम्ही परत आलो तेव्हा बाकीच्यांची हत्यारं धुवायला गेली होती. मी खालच्या पुढच्या दातांवर तुटून पडले. भिंत ढासळत होती, कपचे उडत होते, आणि आण्णा, ज्यांना मी कधी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं, ते आ वासून मुकाट पडले होते. शेवटचा दात झाला आणि हॉलमधली शिपाईमावशी घंटेकडं निघाली. घंटा व्हायच्या आत पेशंट उभा करून सही घ्यायची, असा नियम होता.

मी बटण दाबलं. खुर्ची थोडी वर आली. मी बोट काढलं.

"दाब की गं!" रुबीना कळवळली.

मी थांबले. मग पुन्हा थोडी वर. पुन्हा थांबले. "आण्णा, कसं वाटतंय?"

"मिरज आलं," आण्णा डोळे मिटून म्हणाले.

घंटा झाली. खुर्ची अर्ध्यावर होती.

मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्याचं मला पाठीला कळलं. "घंटा ऐकली का?"

"हो, मॅडम."

"मग पेशंट अजून अर्ध्यावर का?"

"गाडी फलाटाला लागायचीय, मॅडम," असं मी म्हणून गेले, आणि जीभ चावली.

आण्णा सरळ बसेपर्यंत, पाय खाली सोडेपर्यंत, उभे राहून खांब शोधायला हात पुढं करेपर्यंत मॅडम तिथंच उभ्या होत्या. खांब नव्हता, म्हणून आण्णांनी त्यांचाच खांदा धरला.

"प्रवाशांनी उतरायला हरकत नाही," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या फॉर्मवर सही केली. त्या मारलेल्या रेघेच्या अगदी शेजारी.

परतताना रिक्षात आक्का पिशवीचे बंद आवळत बसल्या होत्या. वरच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, तुमची गोळी तुम्ही, ह्यांची ह्यांनी, वाटणी बंद. आणि आण्णांना सांगितलं, ह्यांच्या डब्याला हात लावायचा नाही. दोघांच्या मध्ये मी, मांडीवर तो डबा.

"बीपी आण्णांमुळं वाढतं म्हणून देत होता, आक्का?" मी विचारलं.

"मग काय तर."

आण्णा बाहेर बघत होते. त्यांनी माइकचा आवाज न काढता, साध्या आवाजात सांगितलं, "पहिली गोळी आणली त्या दिवशी रडली होती ही. आता जन्मभर कडू खायचं म्हणून. म्हटलं, आण इकडं अर्धी."

"काहीतरीच सांगतात," आक्का म्हणाल्या आणि पदरानं चष्मा पुसू लागल्या.

त्या संध्याकाळी जेवणं लवकर आटोपली. अडकित्ता फडताळात होता. आक्कांसमोर अख्खी गोळी, आण्णांसमोर काहीच नाही. दोघं परक्या पाहुण्यांसारखी बसली होती. मला बघवेना. मी पायरीवरनं उठले, आक्कांचा तो काशाचा पेला पाण्यानं भरला आणि मधोमध ठेवला.

"गोळी आपापली," मी म्हटलं. "पाणी अर्धं अर्धं. पाण्याला डॉक्टर नाही म्हणालेले नाहीत."

आक्कांनी गोळी तोंडात टाकली, दोन घोट घेतले आणि पेला पुढं सरकवला. आण्णांनी आत डोकावून बघितलं.

"हिनं जास्त घेतलं," ते म्हणाले.

मी पास झाले. विट्याच्या साड्या विट्याला राहिल्या. आक्कांचं बीपी उतरलं, आण्णांच्या हिरड्या काही महिन्यांत जागच्या जागी गेल्या आणि मगदूम पहिल्यांदाच सगळे दात दाखवून हसताना दिसले. माझ्या लग्नात आक्कांनी भांडी नको म्हणणाऱ्या मला तो काशाचा पेला दिला. "कुणाबरोबर ते तुझं तू बघ," म्हणाल्या.

काल जुईला ताप होता. माझी लेक, तीन वर्षांची, बापाच्या वळणावर गेलेली हट्टी. औषधाचं टोपण तोंडाशी नेलं की ओठ गच्च. मी घोकंपट्टीतली गाणी म्हटली, प्रोप्रानोलोल म्हटलं, जे ऐकत ती एरवी झोपते. नाही.

"आधी तू अर्धं," ती म्हणाली.

"हे तुझ्या मापाचं आहे, राणी. औषध अर्धं करायचं नसतं."

"का?"

का, हे सांगायला मला एक अख्खी परीक्षा लागली होती. मी फडताळातनं पेला काढला, पाणी भरलं आणि आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला. "औषध तुझं. हे मात्र अर्धं अर्धं."

तिनं बराच विचार केला. मग टोपण ओठांना लावलं, डोळे मिटून गिळलं, अंगभर शहारली आणि पेला दोन्ही हातांनी उचलून घटाघटा प्यायली. तोंड पुसून पेला माझ्याकडं दिला.

मी प्यायला घेतला, तोच तिनं माझा हात ओढून आत डोकावून बघितलं.

"आई," ती म्हणाली, "तुला जास्त आलं."